स्कायलॅबचे वेध

ताईच्या सासूला मी आत्याबाई म्हणत असे. ताई म्हणायची म्हणून मीही. पुढे शिरवळपासून साताऱ्यापर्यंतच्या कारखान्यांचं भंगार उचलायचा धंदा मी एकटीनं उभा केला. वजनकाट्याजवळ मिशा पिळत उभ्या राहणाऱ्या कितीतरी पुरुषांना भावावरून घाम फोडला, पण आत्याबाईंसारखं माणूस मला समोर पुन्हा भेटलं नाही. आमचा सौदा एकच झाला. आकाशातून खाली येऊ घातलेली एक अमेरिकन वस्तू, माझी सात महिन्यांची गरोदर बहीण आणि पाण्याचा एक तांब्या, एवढंच त्या सौद्यात होतं. माझं स्वतःचंही काही त्यात गेलं. ते कुणी घालवलं ते सांगायला मी हे लिहिते आहे. ज्यांना वडिलांविषयी वाईट वाचवत नाही त्यांनी ही पानं उलटून पुढे जावं.

साताऱ्यात आम्ही दोन खोल्यांत राहत होतो. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. फौजेतून हवालदार होऊन ते परतले होते आणि एका कचेरीत पहाऱ्यावर होते. फौज सुटली तरी घरातून गेली नव्हती. पहाटे त्यांचं खाकरणं, मग पट्ट्याचं बक्कल राखेनं घासल्याचा करकर आवाज, मग स्टोव्हची फरफर आणि आईच्या भाकरीची थापथप, या क्रमानं आमचा दिवस उगवायचा. चहा पितळी मगातून. हुलग्याचं माडगं आठवड्यातून दोनदा, त्यावर लसणाचा खर्डा. आईचे गुडघे धरलेले असायचे म्हणून बाजार माझ्याकडे होता. मी टोपलीजवळ बसले की भाजीवाल्या एकमेकींना म्हणायच्या, "आली बया, वांगी झाका." मला ते आवडायचं. आबांनाही आवडायचं, असं तेव्हा मला वाटे.

शाळेत विज्ञानाला निकम सर होते. आजोळी ज्वारी राखायला मी गोफण चालवत असे, हे त्यांना कुठून तरी कळलं आणि गुरुत्वाकर्षणाच्या धड्याला त्यांनी मला मैदानात उभं केलं. मुलं भिंतीला चिकटून उभी. मी गोफण डोक्यावर गरगरा फिरवत होते आणि सर लांबून ओरडत होते, "दगडाला कुठं जायचंय?" मी म्हटलं, "सरळ, सर." "मग जात का नाही?" "मी धरलाय म्हणून." सर म्हणाले, "चंद्राला पृथ्वीनं असंच धरलंय. दोर दिसत नाही, एवढंच." मग वर्गात येऊन फळ्यावर त्यांनी अजिंक्यतारा काढला. किल्ल्यावरून दगड फेकला तर पायथ्याशी पडेल, जोरात फेकला तर कृष्णेत पडेल, त्याहून जोरात फेकला तर समुद्रात. आणि इतक्या जोरात फेकला की तो जेवढा खाली येतो तेवढीच खालची जमीन गोलावून बाजूला होते, तर तो पडतच राहील आणि कधीच पोचणार नाही. चंद्र असाच पडतो आहे. सूर्याभोवती पृथ्वी, मंगळ, शनी असेच पडत आहेत, गुरूचे चंद्र गुरूभोवती असेच, आणि माणसानं वर सोडलेले उपग्रहही. मी त्या दिवशी जेवताना भाकरी हातातून ताटात पडली तशी तिच्याकडे बघत बसले होते.

स्कायलॅब, म्हणजे अमेरिकेनं वर सोडलेली अवकाशातली प्रयोगशाळा, पडणार म्हणून गावोगाव घबराट झाली ती मी दहावीत गेले त्या पावसाळ्यात. लोक कोंबड्या कापून खात होते, उद्या आहोत की नाही म्हणून. सर म्हणाले, "ते फार उंच नव्हतं. तिथंही हवेचा एक विरळ थर असतो. सूर्य जास्त खवळला की वरची हवा तापून फुगते. ती हवा त्याला घासते, त्याचा वेग खाते. वेग गेला की पृथ्वीची ओढ जिंकते. ते खाली येतं, तिथं हवा आणखी दाट, मग आणखी वेग जातो." मी विचारलं, "कुठं पडणार, सर?" सर हसले. "ते मला माहीत नाही आणि अमेरिकेलाही नाही. जगात पाणी जास्त आहे, पाण्यातच पडेल असं धरून चालायचं."

ताईला दिली होती सांगलीजवळ माधवनगरला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, आणि सातवा संपायच्या आत आणायचं, कारण आठव्यात प्रवास नाही. आठवा लागायला चार दिवस उरले होते. साताऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी ताईला मागे एकदा तपासलं होतं. पायांवर सूज होती, डोकं दुखायचं. उपास करायचा नाही, पाणी भरपूर, आणि लवकर इकडे आणा, असं त्यांनी आबांना बजावून सांगितलं होतं. आईचे गुडघे साथ देत नव्हते, म्हणून आबांबरोबर मी निघाले. बरोबर शेवेचे लाडू, करंज्या आणि आईनं ताईसाठी वेगळं बांधलेलं मेतकूट.

माधवनगरला उतरलं की आधी कानाला कळायचं. मागांचा खडखडाट रस्त्याच्या दोन्ही अंगांनी येत असे आणि थोड्या वेळानं तो ऐकूच येईनासा होई. दाजी गिरणीत होते. आत्याबाई घरी कांड्या भरायच्या, म्हणजे मागाच्या धोट्यात बसते त्या लाकडी कांडीवर चरख्यानं सूत गुंडाळायचं. उंच, वाळकी बाई, कपाळावर मोठं कुंकू, बोलताना हात कधी थांबायचा नाही. नवरा लवकर गेलेला, एकटीच्या हातावर तिनं घर ओढलेलं. ताईला तिनं वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी आम्हाला भाकरी, भरलं वांगं आणि शेंगदाण्याची चटणी वाढली, वर तेलाची धार. ताईचे पाय मात्र टम्म होते. बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा.

जेवणं झाल्यावर शेजारपाजारचे दाजींच्या ट्रान्झिस्टरभोवती जमले. बातम्यांत स्कायलॅबच होतं. दाजी म्हणाले, "आमच्या मेव्हणीला इचारा, ती सायन्सवाली हाय." मला एवढंच हवं होतं. मी तांब्या पालथा घातला, त्याच्याभोवती बोट फिरवलं आणि सरांचं सगळं सांगितलं. "दर दीड तासाला एक चक्कर. तुम्ही पान लावून तोंडात घालाल तोवर ते समुद्र ओलांडून जातं."

"म्हंजे आपल्या डोस्क्यावरनं?" आत्याबाईंनी विचारलं.

"डोक्यावरूनच."

"दर दीड तासानं?"

"दर दीड तासानं," मी म्हटलं. त्या वाक्याचा आवाज मला इतका गोड लागला की मी ते पुन्हा एकदा म्हटलं. आत्याबाईंचा चरखा थांबला होता. माझं तिकडे लक्ष गेलं नाही. आज समोरच्याचा हात असा थांबला तर मी तोंड मिटते. तेव्हा मला बोलायची चटक होती, ऐकायची नव्हती.

सकाळी उठले तर चूल पेटलेली नव्हती. पाण्याच्या हंड्यांवर तुळशीची पानं टाकलेली. विळी, सुरी, कात्री, सुया, सगळं एका फडक्यात बांधून माळ्यावर. मधल्या खोलीच्या खिडकीला घोंगडी ठोकलेली आणि आत अंधारात ताई पाटावर भिंतीला टेकून बसलेली, हात मांडीवर, जणू फोटो काढायला बसवलंय. मी आत जाऊ लागले तर आत्याबाईंनी उंबऱ्यात हात आडवा घातला.

"गिराण हाय. तिला शिवू नगं."

"कसलं ग्रहण?"

"आभाळात काय बी वंगाळ झालं की गिराणच. हालायचं न्हाई, झोपायचं न्हाई, खायाचं-प्यायाचं न्हाई. पाटंपासनं बसवलीया."

"किती वेळ?"

"पडस्तवर."

मी हसले. मला खरंच वाटलं की समजावून सांगितलं की होईल. मी म्हटलं, आत्याबाई, ग्रहण म्हणजे सावली. चंद्र-सूर्याची वेळ चुकत नाही, कारण तिथं त्यांना अडवायला हवा नाही, म्हणून पंचांगात मिनिटं लिहिता येतात. हे तर तुटत घासत येतंय, ह्याची वेळ कुणालाच माहीत नाही. आज पडेल, उद्या पडेल. तोवर बसवणार का?

"वेळ म्हाईत न्हाई, म्हंजे वेध मोठं," आत्याबाई म्हणाल्या. "आन् तूच म्हणलीस न्हवं, दर दीड तासाला डोस्क्यावर हाय. मग सुटायचं कवा, सांग की."

मी माझ्याच शब्दात अडकले होते. काल रात्री मी गप्प बसले असते तर कदाचित त्यांनी ताईला संध्याकाळी दोन तास बसवून सोडलं असतं. दीड तासाची फेरी मी त्यांच्या हातात दिली, आणि त्यांनी तिचा असा वेध केला की त्याला मोक्षच नाही. शिकलेल्या माणसानं अर्धं सांगितलं तर काय होतं, ते मी तेव्हाच शिकले.

बाहेर येऊन आबांना म्हटलं, "बोला की. डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं होतं?" आबा ओसरीवर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. ह्या माणसानं बर्फात, तोफांखाली रात्री काढल्या होत्या. ते म्हणाले, "मुलीच्या सासरी आवाज चढवायचा नसतो, शोभा."

"मग हळू बोला. पण बोला."

ते उठून आत गेले आणि उंबऱ्याशी अदबीनं म्हणाले, "ईनबाई, तेवढं पाणी तरी..." आत्याबाई म्हणाल्या, "पाव्हणं, तुमचा नातू हाय त्यो." आबा परत येऊन बसले. संपलं त्यांचं.

दहा वाजले, अकरा वाजले. दाजी गिरणीत गेले होते, पण त्या दिवशी निम्मे मागवाले आलेच नव्हते आणि रोजचा खडखडाट विरळ झाला होता. मध्येच एखादा माग बंद पडला की गल्लीतली माणसं वर बघत. वर ढगांशिवाय काही नव्हतं. मी दारातून ताईकडे बघत होते. तिचे ओठ पांढरे पडून सुकले होते. तिनं एकदा डोळे मिटले आणि मान एका बाजूला कलली, मग दचकून सरळ केली. बाराच्या बातम्यांनी सांगितलं की पडायची वेळ अजून निश्चित नाही, आज रात्री किंवा उद्याही. आत्याबाईंनी ट्रान्झिस्टर बंद केला.

"आत्याबाई, ती पडेल पाटावरून."

"दुसऱ्या पोराच्या येळंला म्या बी बसले व्हते, पडले का?" त्या म्हणाल्या आणि मग चरख्याजवळ बसल्या. कांडी हातात घेतली पण भरली नाही. "माजं पयलं पोर व्हतं. गिराणात म्या वांगं चिरलं. भूक लागली व्हती, कोन बगत न्हवतं. पोराचा व्हट हितनं फाटलेला. थान धरता येईना त्येला. बाराव्या दिशी गेलं. सासू मरस्तवर मला गिराणी म्हनत व्हती, पाणी पितानासुदिक." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आन् तू मला गोल फिरतंय, सरळ फिरतंय सांगतीस."

मला भीती वाटली, ती तेव्हा पहिल्यांदा. तोवर मला वाटत होतं की समोर अडाणीपणा आहे. अडाणीपणाशी भांडता येतं. हे दुसरंच काही होतं, आणि ते तीस वर्षं पाण्याच्या घोटाघोटाला मुरलेलं होतं. ह्या बाईला मी हरवू शकणार नाही, हे मला कळलं. मग बाजारात करत होते तेच केलं. खाली बसले, आणि तिच्या मालाला नावं ठेवायचं सोडून दिलं.

"वेध पाळायचे," मी म्हटलं. "कबूल. पण जे ग्रहण आपल्याकडे दिसत नाही, ते पाळता का?"

"दिसत न्हाई त्ये कशाला पाळत्यात?"

"मग हे डोक्यावर असतं ते सात-आठ मिनिटं. इकडच्या डोंगरामागून आलं, तिकडच्या डोंगरामागं गेलं. बाकी सगळा वेळ जमिनीच्या पलीकडं. तेव्हा ते आपल्याला नाहीच."

त्या विचारात पडल्या. "आधी अर्धा तास, नंतर अर्धा तास धरायचा."

"दीड तासातला एक तास तुम्हीच खाल्ला, आत्याबाई. आधी पाच, नंतर पाच."

"पाच मिंटात काय व्हतंय! ईस आन् ईस."

"दहा आणि दहा. आणि हे प्रत्येक फेरीला नाही."

"का न्हाई? तूच म्हणलीस, दर दीड तासाला."

मी त्यांच्यापुढची सुताची लड उचलली. मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं की मी काय सांगणार आहे. "याचा गुंडा करून दाखवा." त्यांनी नाक मुरडलं, पण हात शिकलेले होते, ते आपोआप चालू लागले. "दोरा त्याच जागी पुन्हा का पडत नाही?" मी विचारलं.

"गुंडा फिरवीत ऱ्हायाचा असतोय, येडे. त्याच जागी गुंडाळला तर दोराच कापंल त्येला."

"पृथ्वी अशीच फिरत असते. दोरा म्हणजे स्कायलॅब. ते आपल्या वाटेनं गोल फिरतं, पण खालचा गुंडा फिरून गेलेला असतो. एकदा सांगलीवरून गेलं की पुढच्या फेरीला अरबस्तानावर, त्याच्या पुढच्या फेरीला त्याच्याही पलीकडं. दिवसातून दोनदा, फार तर तीनदा आपल्यावर."

आत्याबाईंनी गुंडाळणं थांबवलं नाही. आधीच्या वेढ्यावर अंगठा ठेवून त्यांनी पुढचा वेढा घातला, मग पुढचा. प्रत्येक वेढा मागच्याच्या बाजूला जात होता. चांगला मूठभर गुंडा झाला. निकम सरांच्या वर्गात पन्नास मुलं होती, त्यातल्या कुणालाही हे इतकं नीट कळलं नसेल.

"कवा कवा?" त्यांनी विचारलं. "आपल्यावर कवा कवा येतंय?"

मला ते माहीत नव्हतं.

"म्हाईत न्हाई न्हवं?" त्यांनी गुंडा खाली ठेवला. "मग काय खरं धरायचं?"

इतका वेळ आवळून धरलेलं सगळं तिथं सुटलं. आत ताईनं कण्हल्यासारखा आवाज केला होता. मी उठून ओरडले, "तुमचं पोर गेलं म्हणून माझ्या बहिणीला मारताय काय!"

ह्या वाक्याची मला आजही लाज वाटते. त्याच्याशिवाय सौदा तुटला असता की जुळला असता, मला माहीत नाही. आत्याबाईंचा चेहरा राखेसारखा झाला. त्या ओसरीकडे वळून म्हणाल्या, "पाव्हणं, ऐकलं का? ही तुमची शिकलेली. हिची शाळा बंद करता का? करा, मग म्या हिच्या येळा ऐकते, पाणी बी पाजते, आन् उद्या लेकीला घिऊन बी जावा."

आबा दारात आले. मला वाटलं, आता तरी घासाघीस करतील. म्हणतील, पोर आहे, माफी मागेल, तुमच्या पाया पडेल. भाजीवालीसुद्धा पहिल्या बोलीला माल सोडत नाही.

"बंद केली," आबा म्हणाले. "या वर्षीपासून नाही जायची. फौजी माणसाचा शब्द आहे."

एवढंच. एका श्वासात. मी त्यांच्याकडे बघत राहिले आणि त्यांनी टोपी डोक्यावर घातली.

"सांग येळा," आत्याबाई मला म्हणाल्या.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. दीड वाजायला आला होता. आवाज मी बाजारातला काढला. "आत्ताच गेलंय. आता पावणेचारला. मग संध्याकाळी साडेसातला एकदा. मग पहाटेपर्यंत नाही." सगळं खोटं. एकही आकडा खरा नव्हता. दाजींच्या कॅलेंडरच्या मागे मी ते कोळशानं लिहूनही काढलं, म्हणजे मला स्वतःला विसरायला नको.

ताईनं तांब्या दोन्ही हातांनी धरला. पाणी तिच्या हनुवटीवरून, गळ्यावरून ओघळत होतं आणि ती थांबत नव्हती. आत्याबाईच म्हणाल्या, "हळू गं, हळू," आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. मग मऊ भात झाला, त्यावर मेतकूट आणि तूप. ताई आडवी झाली. पायांखाली मी पोतं घडी करून दिलं. पावणेचारला तिला पुन्हा पाटावर बसवलं तेव्हा घरातली सगळी श्वास धरून उभी होती आणि मीही, जणू माझ्या खोट्या आकड्यांनी ते खरंच बोलावलं होतं. पण त्याहून वाईट होते मधले तास. 'गेलं' असं मी म्हटलं की सगळे सैल पडत, गिरणीतून परतलेले दाजी विडी पेटवत, आणि मी दारात जाऊन आभाळाकडे बघत राही. सर म्हणाले होते, पाण्यातच पडेल असं धरून चाला. धरून चाला, म्हणाले होते. ते माझ्या 'गेलं'मध्ये पडलं तर? मी रात्रभर हाताचा तळवा जमिनीला टेकवून पडले होते, कारण हादरा आधी जमिनीला कळेल असं मला वाटत होतं.

सकाळच्या बातम्यांनी सांगितलं की ते लांब, समुद्रात आणि ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात पडलं, माणूस कुणी मेलं नाही. गल्लीत पोरांनी डबे बडवले. आत्याबाईंनी माळ्यावरून फडकं काढलं, गाठ सोडली आणि विळीवर बसून कांदा चिरला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. कांद्यानं येत असेल. दुपारच्या यस्टीनं आम्ही ताईला घेऊन निघालो. त्या स्टँडपर्यंत आल्या, ताईच्या पदरात नारळ घातला, खाली उभ्या राहून आबांशी काही बोलल्या. मी खिडकीकडून मान दुसरीकडे वळवून बसले होते. पुढे धंद्यात किती भंगार हातांखालून गेलं, पण कुठं लोखंडाचा जळका तुकडा दिसला की आजही मला त्या सकाळी विळीवर वाजलेला कांदा ऐकू येतो.

आबांनी श्रावणात शाळेत जाऊन माझा दाखला आणला. निकम सर घरी आले. म्हणाले, "हवालदारसाहेब, वर्षभराचा प्रश्न आहे. दहावीची परीक्षा तरी देऊ द्या." आबा म्हणाले, "शब्द दिलाय, सर. लेकीच्या सासरी दिलाय. मोडला तर तिचं तिथं काय होईल?" सर गेल्यावर मी पितळी मग भिंतीवर फेकला. आई चुलीपुढून उठली आणि तो मग उचलून राखेनं घासू लागली. मी स्वतःला समजावलं की ही किंमत ताईसाठी आहे. ताईच्या पायांवरची सूज डॉक्टरीणबाईंच्या औषधांनी उतरत होती, ती दिवसभर माझ्याकडे अपराध्यासारखी बघायची, आणि मी तिच्यासाठी माडगं ढवळायचे. आत्याबाईंचा राग मी मनात जपून ठेवला होता. राग धरायला एक माणूस असलं की दिवस जातात.

भाद्रपदात ताईला मुलगा झाला. बारशाला आत्याबाई साताऱ्याला आल्या. आल्या आल्या त्यांनी बाळाला उजेडात नेलं, त्याच्या वरच्या ओठावरून एक बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि मग मांडीवर घेऊन बसल्या त्या उठल्याच नाहीत. घर बायकांनी भरलेलं होतं. पाळण्याला झेंडूच्या माळा, घुगऱ्यांचा वास. आबा परातीतून घुगऱ्या वाटत होते. मी पाणी घेऊन गेले तेव्हा आत्याबाईंनी माझा हात धरून शेजारी बसवलं.

"रुसलीस व्हय अजून? म्या बी तुला लागंल असं बोलले. दोगी बी बोललो. सोड." मग म्हणाल्या, "तुज्या त्या येळा खोट्या व्हत्या न्हवं?"

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"मला घड्याळ कळतंय, शोभे. तुज्या दीड तासाच्या हिशोबात त्या बसतच न्हवत्या. सूत भरते म्हनून काय येडी न्हाई. पर माज्यानं आपून हून सोडवंना झालं व्हतं तिला. कुनीतरी येळ सांगायला पायजे व्हती." त्यांनी बाळाची टोपी सारखी केली. "बरं, परीक्षा कवा हाय तुजी? दहावी न्हवं?"

"शाळा सोडवली," मी म्हटलं. "तुम्हीच तर सांगितलं."

"म्या?" आत्याबाईंचा आवाज सगळ्या खोलीत गेला. "आगं, स्टँडवरच म्या पाव्हण्यांना म्हणलं की! रागात बोलले, त्यो शब्द म्या सोडला, पोरीला शिकवा. व्हय म्हणाले की त्ये मला!"

बायकांनी वळून आबांकडे बघितलं. आबांच्या हातात परात होती. मी विचारलं, "आबा, आत्याबाई असं म्हणाल्या होत्या?"

"बारशाच्या घरात आवाज नको."

"म्हणाल्या होत्या का?"

आबांनी परात खाली ठेवली. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "दहावीनंतर घरी बसायचंच होतं तुला. वर्षभर आधी बसलीस."

त्यानंतर तासभर आत्याबाई माझ्यासाठी भांडल्या. बाळाला मांडीवरून खाली न ठेवता, ओटीतला नारळ बाजूला सारून. अजून नाव घालता येतंय का बगा, म्हणाल्या. मास्तरांकडं मी येते, म्हणाल्या. एक वर्स द्या, बरं, सहा म्हैने द्या, नुसती परीक्षा देऊ द्या. प्रत्येक वेळी त्या एक पायरी खाली उतरत होत्या, आणि मी त्यांच्या शेजारी बसून ऐकत होते. मुलीच्या सासूपुढे आबांनी कधी मान वर केली नव्हती, तिच्या एका शब्दावर त्यांनी माझी शाळा देऊन टाकली होती. त्या बाईला ते आयुष्यात एकदाच 'नाही' म्हणाले, ते त्या दिवशी.